बोळकी चावी

अगं,

बाजारात तुला सगळे चावीकाकू म्हणतात. मी तुझ्याहून चांगली पंधरा-सोळा वर्षांनी मोठी, तेव्हा मी काही तुला काकू म्हणायची नाही. ‘अगं’ पुरे. हे लिहितेय ते तुला न विचारता. विचारलं असतं तर तू नको म्हणाली असतीस, मग मला तुझ्याशी वाद घालावा लागला असता, आणि या वयात वादाला दम पुरत नाही. पण बाजारात तुझ्याबद्दल जे बोललं जातंय ते ऐकून माझं डोकं फिरलंय. कोणी म्हणतं, तिनं एका बाईच्या घराची चावी परक्या माणसाला दिली. कोणी म्हणतं, तिनं बंद घर उघडलं. दुसरी गोष्ट खरी आहे, पण का उघडलं हे कोणी विचारत नाही. माझ्या स्वयंपाकघरात बसून, चहा गार करत तू मला जे सांगितलंस, ते मी तसंच मांडते. तुझी गोष्ट तुलाच ‘तू तू’ करून सांगायची म्हणजे खटला चालवल्यासारखं वाटतं, म्हणून ‘ती’ म्हणते, आणि घोटाळा होईल तिथे बाजारातलं ‘चावीकाकू’. कुठे चुकलं तर नंतर सांग. मध्ये बोलू नकोस.

*

तिचं दुकान म्हणजे व्यापारी इमारतीच्या जिन्याखालचा कोनाडा. सरळ उभं राहिलं तर डोकं पायरीला आपटतं, म्हणून ती दिवसभर स्टुलावर बसूनच असते. पाठीमागच्या भिंतीला वरपासून खालपर्यंत खिळे, आणि प्रत्येक खिळ्याला कोऱ्या चाव्यांचा घोस. समोर कानशी, एक पकड, चावी कापायचं मशीन. पितळेचा भुगा तिच्या हातांच्या रेषांत असा मुरलाय, की साबणानं जात नाही. डोक्यावरून माणसं जिना चढतात-उतरतात, आणि पावलांवरून तिला कळतं की वरच्या वकिलाचं गिऱ्हाईक हसत चाललंय की रडत.

हे दुकान नवऱ्याचं. तो गेला तेव्हा मुलगी शाळेत होती आणि हिला मशीन नुसतं पुसता येत होतं. शिकली. बोटं कापून घेतली, पितळ वाया घालवलं, आणि शिकली. नवऱ्यानं मागे ठेवलेल्या दोन रीती तिनं मात्र पहिल्या दिवसापासून पाळल्या. एक, चावी कोणत्या दाराची हे विचारायचं नाही. कोणी आपणहून सांगायला लागलं तर मशीन सुरू करायचं, म्हणजे ऐकूच येत नाही. नवरा म्हणायचा, चावी आणि पत्ता यांची गाठ आपल्या दुकानात घालून द्यायची नाही. बाहेर भेटले तर त्यांचं नशीब. दुसरी, कापताना चावी बिघडली तर ती गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोर दोन तुकडे करून डब्यात टाकायची. अर्धवट जमलेली चावीसुद्धा शेवटी चावीच.

कोणाच्या घरी कुलूप बसवायला जावं लागलं, तर परत येताना ती दुसरंच काहीतरी आठवत यायची. मुलीचा डबा, दळण, काहीही. घर डोक्यातून पुसून टाकायची. तिला ते जमतही होतं. माझ्या घरी तीन वेळा आली आणि तिन्ही वेळा तिनं खालच्या दुकानदाराला माझा मजला विचारला.

मग कुलपांच्या एका मोठ्या कंपनीचा माणूस आला. इस्त्रीचा शर्ट, गळ्यात ओळखपत्र, हातात खोकं. खोक्यातून निघालं एक नवं मशीन, एक टॅब आणि रेघा आखलेली एक पांढरी पाटी.

“मॅडम, काही अवघड नाही. चावी या पाटीवर ठेवायची, फोटो काढायचा, गिऱ्हाइकाचा नंबर आणि पत्ता टाकायचा. झालं. उद्या त्यांची चावी हरवली की त्यांनी आम्हाला फोन करायचा. फोटोवरून दुसरी चावी कापून घरपोच.”

“कोणाच्या घरपोच?”

“गिऱ्हाइकाच्याच की.”

“फोन करणारा गिऱ्हाईकच आहे हे तुम्हाला कसं कळणार?”

तो हसला. मॅडमची लगेच काकू झाली. “काकू, नंबर असतो ना. जन्मतारीख विचारतात. अहो, आता बँका त्याच्यावर चालतात.”

तिचं मनगट तोवर पार कामातून गेलं होतं. कानस चालवली की रात्रभर ठणकायचं. लोकांच्या नव्या चाव्या जुन्या मशीनवर कापता येत नव्हत्या. गिऱ्हाईक तोंडावर “मोठ्या दुकानात जातो” म्हणून निघून जायचं. मुलगी आता ऑफिसात नोकरीला, ती म्हणाली, “आई, तू अजून बाबांच्या काळात बसलीयेस. सगळं जग नंबर देतं. भाजी घेतानासुद्धा देतं.”

“भाजीनं दार उघडत नाही,” ती म्हणाली. पण मशीन ठेवून घेतलं.

पहिले काही महिने पत्ता विचारताना ती गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे बघत नसे. लोकांना काहीच वाटत नव्हतं. चपला काढाव्यात तसे ते पत्ते काढून ठेवायचे. मजला, खोली, घरी कधी कोण असतं, न विचारता सगळं. हळूहळू तिलाही सवय झाली. सवयीचं असंच असतं. पहिल्यांदा टोचते आणि मग टोचायची थांबते, तेव्हा आपण म्हणतो की बरं झालं.

*

नर्स आली ती दुपारची. दुकानासमोर सरळ उभी राहिली नाही. जिन्याच्या भिंतीला खांदा लावून, रस्ता दिसेल अशी. पायात दवाखान्यातले पांढरे बूट.

“लॅच बदलायचंय. आजच. होईल?”

“दार लाकडी की लोखंडी?”

“लाकडी. जुनं आहे. मी नवीनच राहायला आलेय.”

ती हत्यारांची पिशवी घेऊन गेली. दोन गल्ल्या सोडून एक जुनी इमारत, तिसरा मजला, जिन्याच्या तोंडाशीच खोली. आत एक खाट, एक खुर्ची, खिडकीला वर्तमानपत्र चिकटवलेलं. लॅच बसवत असताना नर्स सारखी जिन्यात डोकावून येत होती. दुसऱ्यांदा आली तेव्हा आपणहूनच म्हणाली, “आधीच्या घरीही कुलूप होतं. पण त्याच्याकडे चावी होती ना.” एवढंच. त्यापुढे बोलली नाही, आणि चावीकाकूनं विचारलं नाही. नवरा हा शब्द दोघींनीही उच्चारला नाही.

कुलपाबरोबर दोन चाव्या आल्या होत्या. नर्सला तिसरी हवी होती, दवाखान्यातल्या कपाटात ठेवायला. दोघी दुकानात परत आल्या. चावी पाटीवर ठेवल्यावर चावीकाकूला हसू आलं.

“काय झालं?”

“अगं, बोळकी आहे तुझी चावी. बघ, पुढचे दोन दात पडलेत. मागे एकच सुळा राहिलाय म्हातारीसारखा.”

खरंच तशी होती. पुढे सगळं सपाट आणि मागे एक उंच, तिरका दात. नर्स त्या दिवशी पहिल्यांदा हसली. “माझी आजी अशीच दिसायची,” म्हणाली.

फोटो काढून झाला. नंबर घातला. मग टॅबनं पत्ता मागितला.

“द्यावाच लागतो का?”

“नाही दिला तर हे पुढे सरकत नाही बघ. मशीन चावी कापायलाच घेत नाही.”

“कोण बघतं हे सगळं?”

इथे एक क्षण होता. चावीकाकूला तो आजही आठवतो. जिन्यावरून कोणीतरी चढत होतं आणि पितळेचा भुगा हवेत होता. ती म्हणू शकली असती, की राहू दे, मी हातानं कानशीवर करून देते. मनगट ठणकत होतं. ती म्हणाली, “कोणी बघत नाही गं. कंपनीकडे असतं, सुरक्षित. आणि मी आहे ना.”

नर्सनं पत्ता दिला. कंपनीला नव्हे, ‘मी आहे ना’ला दिला.

*

तो आला त्यानंतर तीनेक आठवड्यांनी. चार वाजून गेले असतील. मऊ आवाजाचा, नीट भांग पाडलेला, हातात फळांची पिशवी. असा माणूस बसमध्ये उठून तुम्हाला जागा देईल.

“काकू, जरा ही चावी बघता का? आत जाते, पण फिरत नाही. थोडी घासावी लागेल बहुतेक.”

त्यानं चावी कोनाड्यासमोरच्या पत्र्याच्या फळीवर ठेवली. पुढे सपाट. मागे एक तिरका सुळा.

चेहरे ती विसरते, पण आपण कापलेली चावी विसरत नाही. दात तेच होते, पण ही प्रत तिनं कापलेली नव्हती. कडा धारदार होत्या, फोटोवरून कापलेल्या असतात तशा. सुळ्याच्या बुडाशी जरा जास्तच खोल गेलेल्या. म्हणून फिरत नव्हती.

“कुठून करून घेतली?” तिनं चावी उलटसुलट करत विचारलं. हात काम करत राहिले की आवाज ताळ्यावर राहतो.

“कंपनीकडून मागवली हो. फार छान सोय आहे. मिसेसचा नंबर सांगितला, तिची जन्मतारीख सांगितली. ती ड्युटीवर असते, तिला फोन घेता येत नाही, म्हटलं. फोनवरची पोरगी इतकी गोड बोलली. पत्तासुद्धा तिनंच वाचून दाखवला. म्हणाली, सर, हाच ना? म्हटलं, हो, हाच.” तो हसला. “चावी माझ्या ऑफिसात आणून दिली. आणि बिघडली तर घराजवळचं दुकान हे, असं त्यांच्या पावतीवरच लिहिलेलं होतं.”

घराजवळचं दुकान हे. कंपनीनं त्याला घर दाखवलं, चावी दिली, आणि चावी घासायला हिच्याच दारात पाठवलं.

“लावून बघितलीत का दाराला?” तिनं विचारलं.

“आत्ता तिथूनच आलो. सात वाजता येते ती. म्हटलं, तोवर आत जाऊन बसावं. चकित होईल.”

ज्याला बोलायचं असतं तो घंटी वाजवतो. हे तिला कोणी शिकवायला नको होतं. आपल्या मानेवर कोणीतरी गार हात ठेवलाय असं तिला वाटलं. तो काही वाईट बोलत नव्हता, आवाज चढवत नव्हता. नुसता फळांची पिशवी मांडीवर घेऊन समोरच्या बाकावर बसला होता.

तिनं चावी उजेडाकडे धरली. “तडा गेलाय हिला.”

“कुठे?”

“तुम्हाला नाही दिसायचा. कुलपात तुटली तर दार फोडावं लागेल.” आणि तो उठायच्या आत तिनं चावी पकडीत घातली आणि कट्‌कन दोन तुकडे केले. डब्यात टाकले. “बिघडलेली चावी आम्ही गिऱ्हाइकासमोर तोडतो. दुकानाची रीत आहे.”

त्यानं वाकून डब्यात पाहिलं. रागावला असता तर बरं झालं असतं.

“चांगली रीत आहे,” तो म्हणाला. “मग आता नवीन काढा. फोटो तर आहेच तुमच्याकडे.”

“मशीनचं पातं बोथट झालंय. उद्या येईल नवं.”

“अरे.” त्यानं मशीनकडे पाहिलं, मग तिच्याकडे. “थांबलो तरी नाही होणार?”

“थांबून पात्याला धार येते का?” तिनं नेहमीच्या तोऱ्यात म्हटलं, तोरा कुठून आला तिला माहीत नाही. “घाई असेल तर कंपनीचं मोठं दुकान आहे, बस अड्ड्यापाशी. तिथं लगेच करून देतील.”

तो उठला. शर्ट नीट केला. “जातो. सातच्या आत व्हायला हवं फक्त.” दोन पावलं गेला आणि वळला. “तुम्ही तिचं कुलूप बसवलंत का हो?”

“आम्ही दार लक्षात ठेवत नाही,” ती म्हणाली.

“तेही चांगलंच,” तो म्हणाला.

*

तो वळणाआड जाईपर्यंत ती कानशी पुसत बसली.

टॅब उघडला. नर्सचा नंबर सापडला, पण आकड्यांच्या जागी नुसत्या फुल्या. खाली बारीक अक्षरात लिहिलेलं: ग्राहकाच्या गोपनीयतेसाठी ही माहिती लपवलेली आहे. ज्या बाईची चावी तिनं कापली, तिचा नंबर तिच्यापासून लपवलेला. आणि जो जन्मतारीख सांगेल त्याला पत्ता वाचून दाखवायचा. कंपनीला फोन लावला तर वाट बघायला लावणारं संगीत. तेही आनंदी.

मुलीला फोन केला. मुलीनं सगळं ऐकलं आणि म्हणाली, “मी पोलिसांना सांगते. तू जाऊ नकोस, आई. तू तिथं जायचं नाहीस, ऐकतेयस का?”

“ऐकतेय,” म्हणत तिनं खोक्यातलं नवं लॅच पिशवीत टाकलं आणि दुकान ओढून घेतलं.

दोन गल्ल्या. तिला वाटत होतं, रस्त्यावरचा प्रत्येक माणूस मऊ आवाजाचा आहे. जिन्यात दिवा नव्हता. तिसऱ्या मजल्यावर पोचून तिनं घंटी वाजवली, दार ठोठावलं. कोणी नाही. लॅचच्या तोंडाशी ताजे ओरखडे होते. चावी अडकल्यावर माणूस जोर लावतो तसे.

नवं कुलूप बसवायचं तर आधी जुनं आतून सोडवावं लागतं. म्हणजे दार उघडायचं. मालकिणीला न विचारता. इतक्या वर्षांत हे तिनं कधी केलं नव्हतं. लोक कितीही गयावया करोत, घराचा माणूस शेजारी उभा असल्याशिवाय ती हत्याराला हात लावत नसे. तिनं पिशवीतून दोन तारा काढल्या. दार इतक्या लवकर उघडलं, की तिलाच शिसारी आली. हेच कुलूप तिनं ‘निर्धास्त राहा’ म्हणून विकलं होतं.

आतून कडी होती, पण दोन सैल स्क्रूंवर लटकलेली. खांद्याचा एक धक्का पुरला असता. तरी घातली. खोली तशीच होती. एक ताट, एक पेला, दोन्ही पालथे. खुर्चीवर इस्त्री केलेला पांढरा गणवेश. कुठेही एक फोटो नाही.

तिनं जुनं लॅच सोडवलं. दाराला गोल भोक पडलं, लाडवाएवढं, आणि त्यातून जिन्याचा अंधार आत बघायला लागला. नवं लॅच खोक्यातून काढतच होती, तेवढ्यात खालून पावलं आली.

पावलं तिला ओळखता येतात. पण तिच्या जिन्यावरची. ही कोणाची ते कळेना. सावकाश, मध्ये थांबत. पहिला मजला. दुसरा. ती खाली बसली, पाठ दाराला लावली, पाय खाटेच्या पायाला टेकवले. स्क्रू ड्रायव्हर मुठीत धरला. त्यानं काय करणार होती देव जाणे. पावलं दारासमोर येऊन थांबली. चाव्यांचा आवाज झाला. आणि मग काहीच नाही.

बाहेरच्या माणसाला कुलपाच्या जागी भोक दिसलं होतं. भोकातला अंधार आणखी दाट झाला. तिच्या डोक्याच्या वर, वीतभर अंतरावर, कोणीतरी आत बघत होतं. तिला त्या माणसाचा श्वास ऐकू येत होता, आणि त्या माणसाला हिचा. दोन्ही श्वास घाबरलेले आहेत हे कळायला बराच वेळ गेला.

“कोण आहे?” बाहेरून अगदी बारीक आवाज. बाईचा.

“मी. चावीवाली. बोळकी चावी.”

नर्स त्या दिवशी ड्युटीवरून लवकर सुटली होती. दार उघडलं तेव्हा ती आत आली नाही. उंबऱ्यापाशी उभी राहून तिनं आधी दार पाहिलं, मग तारा, मग खाटेवर पसरलेली हत्यारं, मग चावीकाकूचा चेहरा. “तुम्ही?” ती म्हणाली. आणि एक पाऊल मागे सरकली.

“आत ये. आधी आत ये, मग काय ते बोल मला. तो येतोय.”

कोण, हे नर्सनं विचारलं नाही. आत आली, दार लोटलं, कडी घातली, आणि हिच्या हातातलं लॅच घेऊन भोकात धरलं. “लावा.” तिचा हात दवाखान्यातल्यासारखा स्थिर होता. हिच्या हातून एक स्क्रू खाटेखाली गेला, तो नर्सनं शोधून दिला. शेवटचा फिरवला आणि दोघी दारापासून मागे सरकल्या. दिवा बंद केला. खिडकीच्या वर्तमानपत्रातून संध्याकाळचा पिवळट उजेड येत होता, तेवढाच.

तो आला. घंटी वाजवली नाही. चावी आत गेल्याचा आवाज आला. हलक्या हातानं, जपून, झोपलेल्याला जाग येऊ नये असा. फिरली नाही. काढली. पुन्हा घातली. इतक्या शांतपणे कोणी कुलपाशी झगडताना चावीकाकूनं आयुष्यात ऐकलं नव्हतं. नर्सनं तिचं मनगट धरलं होतं, तेच दुखरं, आणि ती कळ तिनं तोंडातून बाहेर येऊ दिली नाही.

मग तो दाराला तोंड लावून बोलला. “आहेस ना आत? माहितेय मला. फळं आणलीत तुझ्यासाठी.” पुन्हा एकदा चावी फिरवून पाहिली. “असू दे. आता घर माहीत झालंय.”

पिशवी दाराशी ठेवल्याचा आवाज आला. पावलं उतरली. सावकाश, एकेक पायरी.

पोलीस आले नाहीत. मुलीला त्यांनी विचारलं होतं, काही झालंय का? झालं की कळवा.

मग नर्सनं खाटेखालून बॅग ओढली. गणवेश, बूट, कागदांची पिशवी. भरायला फारसं काही नव्हतंच. अशा बायका निम्म्या भरलेल्याच राहतात. चावीकाकूनं नव्या लॅचच्या चाव्या पुढे केल्या. नर्सनं त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

“काकू, हे दार फक्त तुम्हाला माहीत होतं.” आवाजात राग नव्हता. ताप किती आहे ते सांगावं तसं सांगितलं. “मी आहे ना, म्हणाला होतात.”

तिनं चाव्या परत पिशवीत टाकल्या आणि हत्यारं आवरली.

मागच्या जिन्यानं दोघी उतरल्या. टॅक्सी थांबवली. नर्स बसताना म्हणाली, “कुठे जाते ते विचारू नका.”

“नाही विचारत.” आणि टॅक्सी निघाल्यावर ती भिंतीकडे तोंड करून उभी राहिली, म्हणजे कोणत्या बाजूला वळली तेही दिसू नये.

*

दुसऱ्या दिवशी तिनं टॅब, पाटी आणि मशीन खोक्यात भरून कंपनीच्या माणसाच्या टेबलावर नेऊन आदळलं. झालेलं सगळं सांगितलं. त्याचा चेहरा क्षणभर उतरला, मग पुन्हा इस्त्रीचा झाला.

“काकू, तक्रार गिऱ्हाइकानं तिच्याच नंबरवरून करायला हवी.”

“तिनं नंबर टाकून दिला असेल. तुमच्यामुळे.”

“मग आम्ही तरी काय करणार?”

“माझ्या दुकानातले फोटो पुसा. सगळे.”

“ते आता कंपनीकडे आहेत, काकू. काळजी करू नका, सुरक्षित आहेत.”

तो शब्द तिनं स्वतः नर्सला दिला होता. उलटून तिच्याच तोंडावर बसला.

मग तिनं ते केलं जे कोणीही शहाणा दुकानदार करणार नाही. ज्यांच्या ज्यांच्या चावीचा फोटो काढला होता, त्यांतले जे आठवले त्यांच्याकडे ती गेली. दारं विसरायची सवय लावून घेतलेली बाई एकेक दार आठवत हिंडली. कुलूप बदलून घ्या, म्हणाली. काही हसले. वरचा वकील म्हणाला, “काकू, धंदा वाढवायची युक्ती चांगली आहे.” एका बाईनं विचारलं, “म्हणजे आमची चावी तुम्ही दुसऱ्याला दिलीत?” आणि दार लावून घेतलं. तिथून ती अफवा सुटली. आता जिन्याखाली माणसं येतात, पण चावी हातात धरूनच ठेवतात.

रात्री तिला झोप लागत नाही. दिवसा दुकानात जिना चढणाऱ्या माणसाचीही पावलं आपल्याकडे खाली येतायत असं तिला ऐकू येतं. तो पुन्हा दुकानात आला नाही. येईल, असं तिला वाटतं. येईल आणि बाकावर बसेल, आणि मऊ आवाजात विचारेल की मिसेस कुठे गेली. आपल्याला माहीत नाही, हीच एक गोष्ट तिच्याकडे आहे.

*

तर अगं, एवढं झालं. आता पुन्हा तुझ्याशी बोलते.

माझ्या चावीचाही फोटो त्यांच्याकडे आहे. मी तेव्हा चष्मासुद्धा न लावता पत्ता, मजला आणि ‘एकटीच असते हो’ हे सांगून मोकळी झाले होते. तू नको नको म्हणत होतीस तरी. त्या दिवशी तू नवं लॅच घेऊन आलीस, चहा गार केलास, हे सगळं सांगितलंस, मग उठून माझ्या दाराशी गेलीस. स्क्रू ड्रायव्हर लावलास आणि तशीच उभी राहिलीस. स्क्रू फिरवायला हात उठेना तुझा. “मंगळवारी येते,” म्हणालीस. मी म्हटलं, ये. त्यानंतर चार मंगळवार गेले.

लॅच खोक्यात आहे, कपाटाच्या वरच्या खणात. मध्यंतरी म्हटलं, दुसऱ्या कोणाला बोलवावं. फोन लावला, तर पलीकडची मुलगी काम ऐकायच्या आधीच माझा नंबर आणि पत्ता विचारायला लागली. मी फोन ठेवून दिला. झोपताना दाराला खुर्ची लावते.

मंगळवार आला, की दुपारी दाराजवळचं टेबल बाजूला सरकवते, तुला बसायला जागा व्हावी म्हणून. अंधार पडला की परत जागेवर लावते.